‘व्हेपर ट्रेल्स’चा आवाज दुःखाने नाही, लिमिटरने फाटलाय

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘रश’ बँडच्या ‘व्हेपर ट्रेल्स’ अल्बमवर अख्खं पान आलं, बघून आधी खूप बरं वाटलं, कारण आपल्या पेपरांमधला रॉक बीटल्सपासून सुरू होतो आणि पिंक फ्लॉइडपाशी संपतो, टोरंटोच्या या तिघांना इथे कोण विचारतंय. पण लेख वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, छापताना बिनधास्त कापा, फक्त आवाजाबद्दलचा भाग ठेवा, कारण माझं भांडण तिथेच आहे.

आधी एक साधी दुरुस्ती. लेखात म्हटलंय की मुलगी आणि बायको गमावलेला गायक या गाण्यांतून टाहो फोडतो. गायक गेडी ली. त्याच्या घरी असं काही झालं नव्हतं. ज्याच्यावर आभाळ कोसळलं तो ड्रमर, नील पिअर्ट. आता कुणी म्हणेल काय फरक पडतो, तिघांचाच तर बँड, पण फरक पडतो ना. रशमध्ये गाण्याचे शब्द ड्रमर लिहायचा, चाली गेडी आणि गिटारवाला ॲलेक्स लाइफसन मिळून करायचे आणि गायचं गेडीने, हे 1974 मध्ये नील बँडमध्ये आला तेव्हापासून असंच चालत आलेलं. म्हणजे या अल्बममध्ये ज्याचं दुःख आहे तो मागे ड्रम्सवर बसलाय, तोंड उघडत नाही, आणि त्याने लिहिलेलं त्याचा जवळपास तीस वर्षांचा दोस्त गातोय. दुसऱ्याच्या घरातलं दुःख, तेही ज्या घरात आपली उठबस होती तिथलं, आपल्या गळ्यातून काढायचं, आणि ज्याचं आहे तो पलीकडेच बसलेला. टाहो फोडायला गेलं की खोटं वाटणार आणि कोरडं गायलं की दगड वाटणार. गेडीने मधला रस्ता कसा काढला यावरच एक लेख होईल, पण तुमच्या लेखकाने गायकालाच दुःखी करून टाकल्यामुळे तो प्रश्नच गायब झाला.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण लेखात ते तीन कॉलम आहे. जुलै 1997 मध्ये रशची टूर संपली, ऑगस्टमध्ये नीलची 19 वर्षांची मुलगी कार अपघातात गेली, आणि वर्षही उलटलं नव्हतं तर जून 1998 मध्ये बायको कॅन्सरने गेली. मुलीच्या अंत्यसंस्काराच्या वेळीच त्याने बाकी दोघांना सांगून टाकलं होतं की मी रिटायर झालो असं समजा. पुढे तो मोटरसायकल घेऊन निघाला, अलास्कापासून मेक्सिको बेलीझपर्यंत, सगळं मिळून 88,000 किलोमीटरच्या आसपास. बाकी दोघांनी बँड मोडला असं जाहीर केलं नाही आणि त्याला ये असंही म्हणाले नाहीत. 2000 मध्ये त्याने पुन्हा लग्न केलं, 2001 च्या सुरुवातीला तिघं टोरंटोच्या स्टुडिओत जमले, तिथे वर्षभराहून जास्त वेळ घालवला आणि मे 2002 मध्ये अल्बम आला. बास, एवढंच. हे वाचून कुणाच्याही पोटात कालवाकालव होते, माझ्याही होते, पण हे अल्बमचं परीक्षण नव्हे.

आणि आता ते वाक्य ज्याच्यासाठी पत्र लिहितेय. लेखक म्हणतात की या अल्बमभर जी खरखर आहे, जो कानाला टोचणारा कर्कशपणा आहे, ती म्हणजे जखमी मनाची किंकाळी.

अहो नाही हो. ते क्लिपिंग आहे.

मी नाशिकला एका छोट्या स्टुडिओत मिक्सिंगचं, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवायचं, काम करते. लोकल जाहिराती, भजनी मंडळांचे अल्बम, इलेक्शन आलं की प्रचाराची गाणी, असलं सगळं. त्यामुळे हा आजार रोज बघते. भजनी मंडळाचे बुवा येतात, गाणं ऐकतात, छान झालंय म्हणतात आणि लगेच पुढचं वाक्य, ताई आवाज जरा वाढवा ना, पलीकडच्या गावच्या मंडळाचं लई जोरात वाजतंय. आता डिजिटलमध्ये आवाजाला वर एक छत असतं, त्याच्यावर जाता येत नाही. मग मोठा कसा करायचा, तर लिमिटर लावायचा, म्हणजे जे सगळ्यात उंच टोक आहे ते दाबायचं आणि खालचं सगळं वर उचलायचं. थोडं केलं तर कळतही नाही. जास्त केलं की हळू आणि जोरात यातला फरकच मरतो, स्क्रीनवर आवाजाची रेघ डोंगरदऱ्यांसारखी दिसायला हवी ती सपाट विटेसारखी दिसायला लागते, टोकं कापली जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि मग ती खरखर ऐकू येते. 1990 च्या दशकात सगळ्या जगात हीच स्पर्धा लागली होती, माझी सीडी तुझ्या सीडीपेक्षा मोठी वाजली पाहिजे, कारण दोन गाणी शेजारी शेजारी लावली की जे मोठं वाजतं तेच पहिल्या फटक्यात चांगलं वाटतं. रेडिओवाल्यांना वाटतं, कंपनीवाल्यांना वाटतं, आमच्या बुवांनाही वाटतं.

‘व्हेपर ट्रेल्स’ या स्पर्धेतलं गाजलेलं उदाहरण आहे. आवाजाच्या धंद्यातल्या लोकांनी हे काही नंतर मागे वळून बघून ठरवलेलं नाही, अल्बम आला त्याच वर्षी एका ऑडिओ इंजिनिअरने रशच्या जुन्या अल्बमच्या आणि या अल्बमच्या रेघा शेजारी शेजारी लावून सविस्तर लेख लिहिला होता की बघा काय करून ठेवलंय. तो स्वतः रशचा फॅन, शिव्या देण्यासाठी लिहिलेलं नव्हतं, चांगल्या गाण्यांची वाट लावली म्हणून जीव जळला होता त्याचा.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, लिमिटर सगळ्यात आधी काय खातो? ड्रमचा ठोका. काठी कातड्यावर पडते तो जो पहिला क्षण असतो ना, त्याचं टोक सगळ्यात उंच असतं, गिटारपेक्षा, गाण्याच्या आवाजापेक्षा सुद्धा, आणि कापायला बसलं की पहिला बळी त्याचाच जातो. ठोक्याची धार गेली की उरतो नुसता भप्प आवाज. म्हणजे जो माणूस एवढं सगळं सोसून पुन्हा स्टिक्स हातात घेतो, हात परत चालायला लागावेत म्हणून आठवडेच्या आठवडे एकटा घासत बसतो, अल्बमचं पहिलंच गाणं ‘वन लिटल व्हिक्टरी’ नुसत्या ड्रम्सनी सुरू होतं, दोन्ही पायांनी बेस ड्रम हाणत, की बाबांनो मी आलोय, आणि नेमकी त्याच्याच ठोक्याची धार मास्टरिंगमध्ये, म्हणजे सीडी निघण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, गेली! लेखकाला शोकांतिका हवीच असेल तर ही घ्या, खरी आहे आणि याच अल्बममध्ये घडलेली आहे.

पण हे दिसायला कानाने ऐकावं लागतं, आणि लेखकाने डोळ्यात पाणी आणून ऐकलं. खरखर ऐकू आली तर त्यांना, म्हणजे कान ठीक आहेत, पण तिचं कारण त्यांनी चरित्रात शोधलं. माझा आक्षेप एवढाच आहे. कलाकाराच्या घरी वाईट झालं की त्याच्या कामातला दोष सुद्धा गुण वाटायला लागतो, गाणं बेसूर असेल तर ते ‘तुटलेपण’, लांबलं असेल तर ‘न संपणारा शोक’, आणि क्लिपिंग असेल तर किंकाळी. आपल्याकडच्या पुस्तक परीक्षणांमध्ये पण हेच चालतं, लेखकाच्या घरी काही घडलं की पुढच्या पुस्तकाचं परीक्षण सांत्वनाला गेल्यासारखं लिहितात, चहा घेतात, दोन चांगले शब्द बोलतात आणि उठतात.

बँडने स्वतः काय केलं ते लेखात आलेलंच नाही, ते मी सांगते. त्यांनी ही तक्रार मान्य केली. ॲलेक्स लाइफसन मुलाखतींमध्ये सरळ बोलला की फार चढवून मास्टर केलंय आणि सगळं चिरडलं गेलंय. आता कुणी म्हणेल मग परत मास्टरिंग करून टाकायचं, त्यात काय. तर भानगड अशी होती की दोष नुसता शेवटच्या टप्प्यातला नव्हता. गेडी आणि ॲलेक्स महिनोन्‌महिने जॅम करत, म्हणजे सुचेल ते एकत्र वाजवत, बसले होते, त्या जॅममधलेच आवडलेले तुकडे गेडीने कॉम्प्युटरवर जोडून गाणी उभी केली, पुन्हा नीट वाजवून घेण्यापेक्षा पहिल्या वेळची मजा राखावी म्हणून बरेचसे तुकडे आहेत तसेच ठेवले, त्यातले काही रेकॉर्ड होतानाच फाटलेले होते, आणि मिक्समध्ये अजून दाबले गेले. म्हणजे वरून कितीही पुसलं तरी डाग आतलाच. म्हणून 2009 च्या एका संग्रहासाठी आधी दोन गाणी नव्याने मिक्स करून बघितली, ‘वन लिटल व्हिक्टरी’ आणि ‘अर्थशाइन’, लोकांना आवडली, आणि मग 2013 मध्ये अख्खा अल्बम डेव्हिड बॉट्रिल या मिक्सिंगवाल्याकडे दिला, तोच ज्याने टूल बँडचं ‘लॅटरॅलस’ केलंय. अकरा वर्षांनी एवढ्या मोठ्या बँडने जुना अल्बम पुन्हा मिक्स करून बाजारात आणणं ही साधी गोष्ट नाही, स्वतःच्याच मालात खोट होती हे कबूल करण्यासारखं आहे ते.

आणि ते कुणामुळे झालं? 2002 मध्ये ज्यांनी तोंडावर सांगितलं की गाणी चांगली आहेत पण आवाज वाईट आहे त्यांच्यामुळे. बिचाऱ्याने एवढं सोसलंय, आता आवाजाला कुठे नावं ठेवायची, असं म्हणून सगळेच गप्प बसले असते तर आज आपल्याकडे ती विटेसारखी सपाट सीडीच असती. तेव्हाही अल्बमचं स्वागत काही वाईट झालं नव्हतं, अमेरिकेत सहाव्या आणि कॅनडात तिसऱ्या नंबरवर गेला, परत आले यातच लोकांना आनंद होता. एरवी समीक्षकांचं आणि रशचं फारसं जमलं नाही कधी, वीस वीस मिनिटांची गाणी, गेडीचा तो उंच आवाज, यावरून टिंगल व्हायची, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला सुद्धा 2013 उजाडलं (आणि त्या समारंभात ॲलेक्सने अख्खं भाषण फक्त ब्ला ब्ला ब्ला एवढ्याच शब्दांत केलं, नक्की बघा, हसून हसून पोट दुखेल).

2013 चं ऐकलं की लेखकाच्या म्हणण्यातली गफलत लगेच कळते. खरखर गेली, आणि दुःख? ते आहे तिथेच आहे, उलट आता जास्त लागतं. ‘सीक्रेट टच’ची सुरुवात घ्या, गिटारची हळू छेड आहे आणि मग सगळे एकदम येऊन आदळतात, जुन्या सीडीत ती हळू छेड आणि ते आदळणं जवळजवळ एकाच उंचीवर वाजतं त्यामुळे आदळल्यासारखं वाटतच नाही, नव्यात छाती दडपते. ‘घोस्ट रायडर’मध्ये, जे त्या मोटरसायकलच्या भटकंतीवर आहे, बेस आणि गिटार आता वेगवेगळे ऐकू येतात, आधी एकच गोळा होता. गेडीने स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवलेत, ते आधी भिंतीसारखे अंगावर यायचे, आता मागे कोण आणि पुढे कोण ते कळतं. ‘स्वीट मिरॅकल’ तर मला जुन्या सीडीवर कधीच आवडलं नव्हतं, नव्यात ते मी आता सारखं लावते. मिक्सिंग बदलल्यावर गाण्याबद्दलचं मत बदलत असेल तर आधी ऐकलं ते मन नव्हतं, मशीन होतं, बरोबर ना.

जुनाच आवडणारे पण आहेत हं, बरेच आहेत, त्यांचं म्हणणं की तो ओबडधोबडपणा हीच मजा. असू दे की, पण आवाज म्हणून आवडतो असं म्हणा ना, वेदना म्हणून खपवू नका. आणि नव्या मिक्सने सगळं सुधारतं असंही नाही. 13 गाणी, 67 मिनिटं, माझ्या मते तीन गाणी आरामात गाळता आली असती, मधल्या भागात सगळं एकाच चालीचं एकाच वजनाचं वाटतं, कीबोर्ड पूर्ण हद्दपार केलाय आणि ॲलेक्सने सोलो सुद्धा मुद्दाम टाळलेत त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही. हे मी त्या माणसाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितेय, नील पिअर्ट 2020 च्या जानेवारीत मेंदूच्या कॅन्सरने गेला, ती बातमी आली त्या दिवशी स्टुडिओत कामाला हात लागत नव्हता माझा.

कुणी विचारेल मग खडबडीत आवाज म्हणजे कायम चूकच का? मुळीच नाही. गायक नील यंगचा ‘टुनाइट्स द नाइट’ हा अल्बम ऐका. त्याच्या बँडचा गिटारवाला डॅनी व्हिटन आणि रोडी, म्हणजे बँडचं सामान सांभाळणारा, ब्रूस बेरी दोघंही सहा-सात महिन्यांच्या अंतराने ड्रग्जने गेले, आणि 1973 मध्ये यंगने उरलेल्यांना जमवून हॉलिवूडमधल्या एका रिहर्सलच्या जागेत रात्री रात्री, पिऊन, एकत्र वाजवत हा अल्बम केला. सूर सुटतात, आवाज चिरकतो, गाता गाता माइकपासून लांब जातो. पण ते सगळं त्यांनी बघून, ऐकून, ठरवून ठेवलंय. तो दोन वर्षं पडून होता, मग एकदा मित्रमंडळींना त्याने दुसरा तयार अल्बम ऐकवला, त्याच्या पाठोपाठ टेपवर हा वाजला, आणि ‘द बँड’ नावाच्या ग्रुपचा रिक डँको म्हणाला हाच काढ, तेव्हा कुठे 1975 मध्ये बाहेर आला. तिथे ओबडधोबडपणा हा निर्णय आहे. त्याचा रिमिक्स करून सूर सरळ केले तर अल्बम मरेल. ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये तो अपघात आहे, कारण करणारेच म्हणतायत आम्हाला हे नको होतं. दोन्ही अल्बम खरखरीत, दोन्हींच्या मागे मृत्यू, आणि तरी एकाला जे म्हणायचं ते दुसऱ्याला लावता येत नाही, ऐकूनच ठरवावं लागतं, आणि परीक्षण लिहिणाऱ्याचं काम तेच तर आहे.

चरित्रावरून गाणं वाचायला गेलं की कसं तोंडघशी पडायला होतं याचं एक उदाहरण अजून देते. गायक निक केव्हचा अल्बम ‘स्केलेटन ट्री’, 2016. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा 2015 मध्ये कड्यावरून पडून गेला. अल्बम आला आणि पहिल्याच गाण्याच्या पहिल्याच ओळीत कुणीतरी आभाळातून खाली पडतो, झालं, जगभर लोकांनी लिहिलं की बापाने मुलावर लिहिलंय. प्रत्यक्षात त्या अल्बममधली बहुतेक गाणी अपघाताच्या आधीच लिहून झाली होती. नंतर काही शब्द बदलले, गाताना आवाजात जे उतरलं ते अर्थातच नंतरचं, आणि ते ऐकून अंगावर काटा येतो हेही खरं. पण ‘त्याच्यावर लिहिलेलं’ आणि ‘त्याच्यानंतर गायलेलं’ यात फरक आहे की नाही? ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये पण सगळंच काही घरच्या दुःखावर नाहीये, ‘पीसेबल किंगडम’ या गाण्यामागे 11 सप्टेंबर 2001 चा हल्ला आहे, अल्बमचं काम चालू असतानाच झालेला. लेखकाने ते सुद्धा बायको-मुलीच्या खात्यात टाकलंय.

तेव्हा दोन मागण्या. एक, लेखाची नेटवरची कॉपी दुरुस्त करा, गायक कोण आणि दुःख कुणाचं ते नीट लिहा. दोन, लेखकाने कुठला अल्बम ऐकून लिहिलंय, 2002 चा की 2013 चा, ते छापा, खरखरीचं एवढं वर्णन केलंय म्हणजे 2002 चाच असणार. पेपर वाचून ज्यांना ऐकावंसं वाटलं असेल त्यांनी कव्हरवर ‘रिमिक्स्ड’ लिहिलंय का ते बघून घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा, आणि सुरुवात पहिल्या गाण्यापासूनच करा, ड्रमर काय म्हणतोय ते तिथेच कळेल.

आणि हो, फोटोखालच्या ओळीत ॲलेक्स आणि नीलच्या नावांची अदलाबदल झालीय. ज्याच्या हातात स्टिक्स आहेत तो नील.

आपली नियमित वाचक,
नाशिक